आजोबांच्या चित्रपटाला रंग द्यायचा तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांनी १९५६ साली काढलेल्या मराठी कृष्णधवल चित्रपटाची प्रिंट दादरच्या घरी माळ्यावर पडून आहे, एकूण दहा डबे. एकाने सांगितलंय की "एआयने पंधरा दिवसांत रंगीत करून देतो." आजी नव्वदीला टेकल्या आहेत आणि त्यांना तो एकदा रंगीत बघायचाय. करावं का, हे काम होतं कसं, आणि पंधरा दिवसांत खरंच होईल का?

पंचवीस वर्षं मी अंधेरी-गोरेगावच्या पोस्ट-प्रॉडक्शनमध्ये काढली. त्यातली निम्मी जुन्या चित्रपटांची साफसफाई आणि ग्रेडिंग, म्हणजे शॉटगणिक उजेड-रंग जुळवणं, करण्यात गेली, काही रंगवण्यातही. पंधरा दिवसांत तुम्हाला रंगीत फाइल मिळेल, यात शंका नाही. फक्त ती बघताना आजी दहाव्या मिनिटाला विचारतील, "अगं बाई, हिची साडी दर वेळी वेगळी कशी?"

आमच्या घरात आईवडिलांचा लग्नातला फोटो होता. मूळ कृष्णधवल, वर गिरगावातल्या फोटोग्राफरने हाताने पातळ रंग चढवलेले. त्यात आईचा शालू हिरवागार आहे. आई शेवटपर्यंत सांगायची, "माझा शालू जांभळा होता, त्या मेल्याने विचारलंसुद्धा नाही." तो फोटोग्राफर खोटं वागला नव्हता. त्याच्यासमोर एक मध्यम गडद करडा होता, आणि त्या करड्यात हिरवाही बसतो, जांभळाही बसतो, विटकरीही बसतो. कॉम्प्युटरसमोर आजही नेमकी हीच अडचण आहे.

कृष्णधवल फिल्मवर प्रत्येक ठिपक्याबद्दल एकच माहिती उरते, किती उजेड पडला ती. रंग सांगायला तीन आकडे लागतात. एका आकड्यावरून तीन काढायचे म्हणजे दोन आकडे बाहेरून आणावे लागतात, आठवणीतून, पुराव्यातून किंवा अंदाजाने. आजच्या एचडी टीव्हीच्या मानकाप्रमाणे उजेडात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, तांबड्याचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७ धरला जातो. म्हणून डोळ्याला अगदी वेगळे वाटणारे दोन रंग करड्यात शेजारी शेजारी एकसारखे होऊन बसतात. "कॉम्प्युटर मूळ रंग परत आणतो" असं कुणी म्हणालं तर समजा की तो विकायला बसलाय.

तरीही करडा अगदीच मुका नसतो. काय नव्हतं, ते तो ठामपणे सांगतो. पिवळा कधी गडद असू शकत नाही. गडद केला की तो तपकिरी नाहीतर शेवाळी होतो. गर्द निळा कधी उजळ असू शकत नाही, उजळला की आकाशी होतो. एका कामात निर्मात्याच्या घरच्यांचा हट्ट होता की नायिकेचा लग्नातला शालू लालभडकच हवा. फ्रेममध्ये मोजलं तर शालूचा करडा जवळजवळ दुधी. त्यावर लाल टाकला की गुलाबी पेपरमिंट होतो. लाल आणायचा तर खालचा उजेड दाबावा लागणार, म्हणजे छायालेखकाने पाडलेला प्रकाश बदलावा लागणार. मी नाही म्हटलं. दुसऱ्याने केलं. आता त्या प्रसंगात मंडपात दिवे गेल्यासारखं वाटतं, आणि फक्त शालूवरचे गेलेत. आमच्या कामातला माझा एकच नियम आहे: रंग वरून चढवायचा, खालच्या उजेडाला हात लावायचा नाही.

करड्याकडून आणखी एक गोष्ट काढून घेता येते, पण त्यासाठी फ्रेममध्ये ओळखीची वस्तू लागते. मुंबईच्या रस्त्यावरचं चित्रीकरण असेल तर आमचं नशीबच. बेस्टची बस लाल, टपालपेटी लाल. त्या लालाचा करडा किती पडलाय ते बघितलं की त्या शॉटला कॅमेऱ्यावर कुठला फिल्टर होता याचा अंदाज येतो. ढग उठून दिसावेत म्हणून बाहेरच्या चित्रीकरणात पिवळा, नारिंगी, प्रसंगी लाल फिल्टर लावायची पद्धत होती. लाल फिल्टरमधून आकाश काळवंडतं, लाल बस उजळते, माणसाचे ओठ जवळजवळ पुसले जातात. एकदा हे कळलं की त्या शॉटमधल्या बाकीच्या करड्यांचा अर्थ बदलतो. एका चित्रपटात रस्त्यावरच्या दृश्यात नायिका फिकट साडीत आणि आत घरात शिरताच गडद साडीत दिसत होती. सगळ्यांना वाटलं कंटिन्युइटीची, म्हणजे एका शॉटचं दुसऱ्याशी जुळवण्यातली चूक. साडी तीच होती. लाल साडी, बाहेर फिल्टर, आत नाही. बाहेरचा आणि आतला करडा एकत्र धरल्यावरच लाल सिद्ध झाला.

आणि "डे फॉर नाइट". भर दुपारी फिल्टर लावून, उजेड मुद्दाम कमी घेऊन रात्र दाखवायची. जुन्या चित्रपटांत चांदण्यातली कितीतरी भेट अशी उन्हात झालेली आहे. माणूस कथा बघतो, त्याला ती रात्र वाटते. यंत्राला सावल्यांची कडा उन्हाची दिसते आणि ते झाडं हिरवी, आकाश निळं करून मोकळं होतं. नायक चंद्राकडे बघून उसासे टाकतोय आणि वर लख्ख दुपार. हसून हसून पुरेवाट होते, पण पैसे आपले गेलेले असतात.

आता एआयबद्दल, कारण तुमचा खरा रोख तिकडे आहे. २००४ साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या तिघांनी एक पद्धत मांडली होती. चित्रावर रंगाच्या चार रेघोट्या ओढायच्या, आणि शेजारच्या ठिपक्यांचा करडा सारखा असेल तर त्यांचा रंगही सारखा धरून संगणकाने तो पसरवायचा. त्यात रंग माणूसच ठरवत होता. २०१६ साली अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे १३ लाख रंगीत फोटोंवर शिकवलेलं नेटवर्क, म्हणजे उदाहरणं बघून शिकणारा प्रोग्राम, आणलं. ते रेघोट्यांशिवाय स्वतःच रंग सुचवतं. गवत हिरवं, आकाश निळं, माणसाची त्वचा, इथपर्यंत छान. पण जिथे एका वस्तूचे पन्नास रंग असू शकतात, तिथे यंत्राची खात्री डळमळते आणि ते सरासरी गाठतं. सगळ्या रंगांची सरासरी म्हणजे मळकट तपकिरी. बर्कलेच्या लोकांनाही या फिकेपणावर खास उपाय करावा लागला होता. आणि पन्नास रंगांची वस्तू म्हणजे कोण? आपली साडी.

शिवाय या यंत्रांनी बघितलेल्या जगात आपलं घर फारसं नसतं. सवाष्णीचा हिरवा चुडा मला अशा फाइलींमध्ये बहुतेक वेळा राखी किंवा सोनेरी मिळालाय. कुंकू हा कपाळावरचा डाग समजून त्वचेच्याच रंगात बुडवलेलं बघितलंय. काळी चंद्रकळा निळी होते. सगळ्यात वाईट म्हणजे आलवण. जुन्या ब्राह्मण घरातली केशवपन केलेली बाई तांबड्या आलवणात असायची. यंत्राला ठाऊक नाही ते सोडा, आमच्याकडच्या तरुण मुलांनाही ठाऊक नसतं. हिंदी सिनेमा बघून त्यांच्या डोक्यात विधवा म्हणजे पांढरी साडी पक्की बसलेली. एका मुलाने माझ्यापुढे आलवणातल्या आत्याबाईंना मळकट पांढरं करून आणलं. त्याला म्हटलं, शेजारचं धोतर बघ आणि आत्याबाईंचा करडा बघ, पांढरं इतकं गडद पडेल का? करड्याने पुरावा दिला होता, वाचणारा हवा होता.

तर प्रत्यक्ष काम कसं चालतं? दहा रिळं म्हणजे साधारण शंभर मिनिटं. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे १,४४,००० फ्रेम. कुणीही इतक्या फ्रेम हाताने रंगवत नाही. आधी स्कॅन, मग चित्र हलतं ते स्थिर करणं, उजेडाची फडफड काढणं, धूळ आणि ओरखडे. हे सगळं रंगाआधी व्हायला लागतं, कारण ओरखड्यावर रंग चढला की तो कायमचा दागिना होतो. मग चित्रपट शॉटमध्ये फोडायचा आणि प्रत्येक पात्राची, प्रत्येक पोशाखाची, प्रत्येक खोलीची रंगांची वही करायची. माझ्या मते अर्धं काम या वहीत असतं. त्यानंतर शॉटमधली एक-दोन फ्रेम माणूस नीट रंगवतो आणि मधल्या फ्रेममध्ये हालचाल पकडत सॉफ्टवेअर तो रंग पुढे नेतं. इथे एआयने खरोखर जीव वाचवलाय. पूर्वी रोटो, म्हणजे फ्रेममागून फ्रेम वस्तूंच्या कडा आखण्याचं काम, करणारी मुलं कडा कापत महिनोन्महिने बसायची, ते आता कितीतरी लवकर होतं. एआय मी रोज वापरतो, पण त्याला कडा आणि हालचाल देतो, रंग ठरवायला देत नाही.

कडा किंचित इकडेतिकडे झाल्या तरी चालून जातं, ही डोळ्याची कृपा. उजेडातला बारकावा डोळ्याला जितका दिसतो तितका रंगातला दिसत नाही. घरी येणाऱ्या बहुतेक व्हिडिओत रंगाची माहिती उजेडाच्या एक चतुर्थांश ठिपक्यांपुरतीच साठवलेली असते आणि कुणाची तक्रार नसते. पण काही जागा छळतात. मोकळे केस आणि त्यामागची भिंत. उदबत्तीचा धूर. झिरझिरीत पदराखालचा दंड, तिथे साडी आणि त्वचा दोन्ही मिसळतात. आरसा. समईजवळचा चेहरा, कारण त्याच्या एका गालावर पिवळट उजेड हवा आणि दुसऱ्यावर नको. आणि त्या काळातले लांबलचक डिझॉल्व्ह. दोन दृश्यं एकमेकांत विरघळताना दोन्हींचे रंगही त्याच मापाने विरघळायला हवेत, नाहीतर देवघरातून निघालेला भगवा रंग पुढच्या दृश्यातल्या कोर्टाच्या भिंतीवर चिकटून राहतो.

चेहरा हा तर स्वतंत्र विषय. १९८०च्या दशकात अमेरिकेत रंगवलेले चित्रपट बघा. चेहऱ्यावर एकच हात मारलेला, भिंतीला ऑइलपेंट द्यावा तसा. खरा चेहरा कुठेच एका रंगाचा नसतो. कानाच्या पाळीत, नाकाच्या शेंड्यावर, बोटांच्या पेरांवर तांबूस छटा येते, डोळ्यांखाली ती उतरते. सावलीत रंग मंदावतो आणि अगदी झगझगीत उजेडातही मंदावतो. एवढं पाळलं तरी निम्मा खोटेपणा जातो.

करावं का? इथे माझं मत सरळ नाही.

'मुगल-ए-आझम' ५ ऑगस्ट १९६० रोजी आपल्या मराठा मंदिरला लागला तेव्हाच त्यात काही रिळं रंगीत होती, शीशमहालातलं गाणं धरून. दिग्दर्शक के. आसिफ यांना सबंध चित्रपट रंगीत करायचा होता, ते जमलं नाही. २००४च्या दिवाळीत, १२ नोव्हेंबरला, तो पूर्ण रंगीत होऊन आला आणि लोकांनी गर्दी केली. तिथे रंगवणाऱ्यांच्या हाताशी त्याच चित्रपटातली मूळ रंगीत रिळं होती. तेच दागिने, तेच कलाकार, तोच काळ. इतका पुरावा कुणाला मिळत नाही. पुढे 'नया दौर' २००७ साली आणि 'हम दोनो' २०११ साली रंगीत झाले, पण तेवढी हवा झाली नाही.

उलट बाजूला 'कागज के फूल' घ्या. छायालेखक व्ही. के. मूर्तींनी आरशांवरून सूर्यप्रकाश वळवून स्टुडिओच्या अंधारात तो झोत पाडला. त्या झोताला कुठला रंग देणार? तिथे काळा आणि पांढरा हेच रंग आहेत. मला कुणी सांगितलं तर मी ते काम घेणार नाही, आणि घर चालवायला घेतलंच तर नाव लावणार नाही.

"मूळ रंग" ही गोष्टही फसवी आहे. कृष्णधवलच्या काळात सेट आणि कपडे डोळ्याला कसे दिसतात यापेक्षा फिल्मवर कसे पडतात ते बघून निवडत. शुभ्र पांढरं कॅमेऱ्यात भगभगतं म्हणून फिकट पिवळं, फिकट निळं वापरत. हिचकॉकच्या 'सायको'मध्ये मोरीत वाहणारं रक्त म्हणजे चॉकलेटचं सिरप होतं. प्रामाणिकपणे मूळ रंग द्यायचा तर ते तपकिरी करा! म्हणजे कॅमेऱ्यासमोर काय होतं त्यापेक्षा पडद्यावर काय भासवायचं होतं ते ठरवावं लागतं. हा निर्णय दिग्दर्शकाचा, आणि तो बहुधा हयात नसतो. फ्रान्समध्ये अमेरिकी दिग्दर्शक जॉन ह्यूस्टनच्या वारसांनी त्याच्या रंगवलेल्या चित्रपटाविरुद्ध दावा लावला आणि १९९१ साली तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला, तो याच मुद्द्यावर.

तुमच्या बाबतीत मात्र हे घरचं काम आहे आणि आजींना हौस आहे. करा. पण मूळ कृष्णधवल स्कॅन, साफ केलेली कृष्णधवल प्रत आणि रंगीत प्रत अशा तीन वेगळ्या फाइली ताब्यात घ्या. रंगीत केली आणि मूळ स्कॅन पुसला, असं करणारे महाभाग आहेत.

कायद्याचं थोडं. आपल्याकडे चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, म्हणजे १९५६ साली लागलेल्या चित्रपटाचा २०१६ अखेर संपला. डबे तुमचे, पण दुसऱ्याकडे प्रत असेल तर त्यालाही कुणी अडवू शकत नाही. गीतकार आणि संगीतकारांचे हक्क निराळे, ते त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतात. घरात बघण्यापलीकडे काही करायचं तर वकिलाला भेटा.

आणि पैसे आधी कुठे घालायचे? रंगावर नको, स्कॅनवर घाला. तुमच्याकडे प्रिंट आहे, निगेटिव्ह नाही. प्रिंट म्हणजे प्रोजेक्टरमधून शंभरदा फिरलेली, आवाज आणि चित्र एकत्र असलेली प्रत. निगेटिव्ह, म्हणजे कॅमेऱ्यात फिरलेली मूळ फिल्म, मिळाली तर करड्याच्या कितीतरी जास्त पायऱ्या मिळतात, आणि रंग त्या पायऱ्यांवरच उभा राहतो. पुण्याला लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात, १९६४ सालापासूनचं आहे ते, तुमच्या चित्रपटाचं काही आहे का हे एकदा पत्र लिहून विचारा.

डबे उघडताना खिडकी उघडी ठेवा. मुंबईची दमट हवा आणि माळ्यावरची उष्णता, दोन्ही फिल्मच्या वैरी. झाकण काढल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर फिल्मचा पाया कुजू लागलाय आणि तो वास एका रिळापासून दुसऱ्याला लागतो, तेव्हा तो डबा लगेच वेगळा करा. फिल्मच्या कडेला इंग्रजीत 'सेफ्टी' छापलेलं आहे का बघा. १९५६ची प्रिंट बहुधा सेफ्टीच असेल, पण तसं छापलेलं दिसलं नाही तर घरात ठेवू नका आणि स्वतः हाताळूही नका. सेफ्टीच्या आधीची नायट्रेट फिल्म सहज पेट घेते, आणि पेटली की पाण्याने विझत नाही. घरी प्रोजेक्टरवर चालवून बघण्याचा मोह कुठल्याही परिस्थितीत नको. आकसलेली फिल्म दातऱ्यात अडकून फाटते.

या सगळ्याआधी एक काम आहे, आणि त्याला दहा रुपयेसुद्धा लागत नाहीत. आजी तेव्हा शूटिंगला जात होत्या असं तुम्ही लिहिलंय. त्यांच्या शेजारी बसा, फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा. चित्रपटातले फोटो असतील तर एकेक पुढे ठेवा. "रंग कोणता होता?" असं थेट विचारू नका, माणूस भिडेखातर काहीतरी सांगतो. ती साडी कुणाची होती, भाड्याने आणली की कुणाच्या कपाटातली, नंतर तिचं काय झालं, असं विचारा. रंग आपोआप येतो. घराच्या दाराला ऑइलपेंट होता की नुसतं पॉलिश, नायकाचा कोट आजोबांचाच होता का, मेकअपवाला चेहऱ्याला काय फासायचा, हेही विचारा. दुपारी झोपून उठल्यावर बसा, सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त नको. आणि जे कपडे घरातलेच वापरले होते त्यातलं एखादं लुगडं अजून ट्रंकेत असेल, तर त्याच्या आतल्या घडीचा, ऊन न लागलेल्या जागेचा, दिवसाच्या उजेडात फोटो काढून ठेवा.